लिगिन्स, सर ग्रॅहॅम कॉलिंगवुड

(२४ जून १९२६–२४ ऑगस्ट २०१०). न्यूझीलंडमधील प्रसूतिविज्ञ व गर्भाच्या शरीरक्रियांचे संशोधक. अकाली जन्मणाऱ्या अर्भकाची फुप्फुसे जन्मापूर्वीच कार्यक्षम व्हावीत म्हणून मातेस कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गातील औषध टोचण्याचा उपाय त्यांनी शोधून काढला आणि बालरोगतज्ञ रॉस हॉवी यांच्या सहकार्याने १९७२ मध्ये त्याची परिणामकारकता दाखवून दिली. हा उपाय स्वस्त व सोपा असूनही तो सर्वमान्य होण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्यामुळे लिगिन्स यांच्या कार्याचा इतिहास हा एका शोधाचा, तसाच त्या शोधाच्या उपेक्षेचाही इतिहास आहे.

लिगिन्स यांचा जन्म न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील टेम्झ या गावी झाला. त्यांचे वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. बालपणी मिळालेले ‘माँट’ हे टोपणनाव त्यांना जन्मभर चिकटले व शास्त्रीय वर्तुळातही ते याच नावाने ओळखले जात. ओटागो विद्यापीठातून १९४९ मध्ये वैद्यकाची पदवी संपादन केल्यावर त्यांनी इंग्लंडमध्ये प्रसूतिविज्ञानाचे पुढील शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून ऑकलंड येथील नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये अध्यापन व संशोधन सुरू केले. या रुग्णालयात त्या काळी विल्यम लायली हे संशोधक काम करीत होते. माता व गर्भ यांच्या रक्तातील ऱ्हीसस घटकाच्या विसंगतीमुळे गर्भाला होणाऱ्या रक्तक्षयावर, गर्भ उदरात असतानाच त्याला रक्त देण्याचा प्रयोग लायली यांनी १९६३ मध्ये यशस्वी केला. गर्भ हाही एक स्वतंत्र रुग्ण होय, ही कल्पना अशा रीतीने ऑकलंडमध्ये रुजली होती. आपण कोणता प्रश्न हाती घ्यावा, असे लिगिन्स यांनी लायली यांना विचारले असता त्यांनी अकालप्रसवाचा प्रश्न सुचविला, असे सांगतात.

गर्भारपणाचे सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या प्रसूतीस अकालप्रसव म्हणतात. अशा मुलांच्या भवितव्याविषयी जुन्या काळापासून निरनिराळ्या समजुती आढळतात. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्या महिन्यातील जगत नाही, असे महाराष्ट्रातील जुन्या बायका सांगत. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असून ते माता व गर्भ यांच्यात ये-जा करीत असल्याने त्या महिन्यात जन्मलेले मूल वाचत नाही, असे आयुर्वेदाच्या संहितांत म्हटले आहे. हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ग्रीक ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या मुलाविषयी असेच मत आढळते. इतक्या दूरच्या दोन परंपरांत एकच समजूत असावी, हे लक्षणीय आहे. मात्र ती खरी नाही. गर्भाशयात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक मूल जगण्याची शक्यता वाढत जाते. त्याचे एक मुख्य कारण फुप्फुसांच्या परिपक्वतेत आहे.

फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांच्या भिंती ओलसर असतात. पाण्याने भिजलेल्या दोन काचा एकमेकींना चिकटल्या म्हणजे त्या अलग करणे कठीण जाते. तशीच अडचण वायुकोशांच्या बाबतीत पाण्याच्या पृष्ठताणामुळे उद्भवते. श्वास सोडताच ते मिटू पाहतात आणि पुन्हा उघडण्यास मोठे बळ लागते. निसर्गाने यावर योजलेला उपाय म्हणजे वायुकोशांतील विशिष्ट कोशिकांकडून स्रवणारा, मुख्यत्वे स्निग्ध पदार्थांचा बनलेला एक पातळ लेप होय. साबणाप्रमाणे तो पृष्ठताण कमी करतो. गर्भात हा पदार्थ बऱ्याच उशिरा, साधारणतः चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, पुरेशा प्रमाणात तयार होतो. त्यापूर्वी जन्मलेले मूल प्रत्येक श्वास जणू पहिलाच असल्याप्रमाणे घेते. बरगड्या आत ओढल्या जातात, श्वास सोडताना कण्हण्यासारखा आवाज येतो, अंग निळसर पडते आणि दोन-तीन दिवसांत ते थकून दगावण्याचा संभव असतो. मृत अर्भकाच्या वायुकोशांत काचेसारखे पटल दिसत असल्याने पूर्वी या रोगाचे नाव त्या पटलावरून पडले होते व ते पटल हेच रोगाचे कारण असावे, असे पुष्कळांना वाटे. अमेरिकेतील मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये, या रोगाने मेलेल्या अर्भकांच्या फुप्फुसांत पृष्ठताण कमी करणाऱ्या पदार्थाचा अभाव असतो, असे दाखविले आणि मूळ कारण स्पष्ट झाले. कारण समजले तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा पॅट्रिक हा मुलगा सु. साडेपाच आठवडे आधी जन्मला. बॉस्टन येथे नेऊन त्याला अतिदाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवण्यात आले, तरी तो दोन दिवसांच्या आत याच रोगाने मृत्यू पावला.

लिगिन्स यांनी आरंभी फुप्फुसांचा विचार केलाच नव्हता. प्रसूतीच्या कळा ठराविक वेळी सुरू होतात त्या कोणाच्या इशाऱ्यावरून, हे त्यांना शोधावयाचे होते. कारण हा इशारा कळला तर अकाली येणाऱ्या कळा थोपविता येतील, असा त्यांचा तर्क होता. तो इशारा मातेच्या शरीरातून येतो, असे मत त्या वेळी रूढ होते. उलट पुरावा एका अनपेक्षित ठिकाणी होता. अमेरिकेतील आयडाहो राज्यात, गाभण असताना व्हेराट्रम वंशातील एक रानटी वनस्पती खाणाऱ्या मेंढ्यांना मेंदूत व्यंग असलेली, एकाच डोळ्याची कोकरे होत आणि त्या मेंढ्या दिवस पूर्ण होऊनही वीत नसत. मेंदूतील व्यंगामुळे गर्भाची पोष ग्रंथी नीट कार्य करीत नसावी आणि म्हणून प्रसूतीचा इशारा दिला जात नसावा, असा अर्थ यातून निघत होता. लिगिन्स यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह मेंढीच्या उदरातील गर्भावर शस्त्रक्रिया करून त्याची पोष ग्रंथी विद्युत्‌ प्रवाहाने नष्ट केली. अशा मेंढ्यांची प्रसूती वेळेवर झाली नाही. हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी उलट प्रयोगही पूर्ण केला : पोष ग्रंथीतून स्रवणारे व अधिवृक्क ग्रंथीस उद्दीपित करणारे संप्रेरक, अथवा अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक, गर्भातील कोकराच्या रक्तात सोडले असता काही दिवसांतच मेंढी अकाली व्याली. मेंढीच्या बाबतीत तरी प्रसूतीची वेळ कोकरूच ठरविते, हे सिद्ध झाले.

उदरातील गर्भावर शस्त्रक्रिया करून गर्भ जिवंत ठेवणे आणि त्याच्या रक्तवाहिनीत बसविलेली नळी कित्येक दिवस चालू ठेवणे, हे काम त्या काळात अत्यंत जिकिरीचे होते. प्रसूतिगृहातील जबाबदारी सांभाळून लिगिन्स ते करीत. मेंढ्यांची विपुलता असलेल्या देशात हे संशोधन झाले, हाही योगायोगाचा भाग म्हणावा लागेल.

खरा शोध या प्रयोगांच्या ओघात लागला. मेंढीचा गर्भावधी सु. १४७ दिवसांचा असतो. प्रयोगात संप्रेरक दिलेले एक कोकरू ११७ व्या दिवशीच जन्मले. एवढ्या अपक्व कोकराची फुप्फुसे हवा घेऊ शकत नाहीत व ते जन्मताच मरावयास हवे होते. ते काही काळ श्वास घेत राहिले, आणि शवविच्छेदनात त्याच्या फुप्फुसांचा काही भाग हवेने फुगलेला आढळला. अशी गोष्ट प्रयोगातील किरकोळ विसंगती समजून वहीत नोंदवून सोडून देणे सहज शक्य होते. हाती घेतलेल्या प्रश्नाशी तिचा संबंधही नव्हता. लिगिन्स यांनी मात्र १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिची दखल घेऊन, संप्रेरकामुळे फुप्फुसांतील एखादे एंझाइम वेळेआधी कार्यान्वित होत असावे व त्यामुळे पृष्ठताण कमी करणारा पदार्थ लवकर तयार होत असावा, असा तर्क मांडला. एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०–७१ मध्ये कोकरे व ससे यांवर प्रयोग करून या तर्कास दुजोरा दिला.

मेंढीवरील निष्कर्ष मानवाला लागू पडतीलच असे नसते. प्रसूतीच्या इशाऱ्याबाबत ते लागू पडलेही नाहीत : गर्भवती स्त्रीस कॉर्टिकोस्टेरॉइड दिल्याने कळा सुरू होत नाहीत आणि मानवी प्रसूतीचा आरंभ नेमका कशाने होतो, हा लिगिन्स यांचा मूळ प्रश्न त्यांच्या हयातीत पूर्णपणे सुटला नाही. परंतु हा फरक उपकारकच ठरला. औषधाने स्त्रियांची प्रसूती लवकर झाली असती, तर ते वापरताच आले नसते.

ऑकलंडमध्ये १९६९ च्या अखेरीस हॉवी यांच्यासह लिगिन्स यांनी स्त्रियांवरील चाचणीस आरंभ केला. वारेतून गर्भापर्यंत सहज पोहोचते म्हणून बीटामेथासोन हे औषध निवडण्यात आले. सदतीस आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचा संभव असलेल्या अथवा तशी ती करणे भाग असलेल्या स्त्रियांची यदृच्छया दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटास १२ मिग्रॅ. बीटामेथासोनचे इंजेक्शन व चोवीस तासांनी तेवढेच दुसरे इंजेक्शन, तर दुसऱ्या गटास दिसावयास तसेच पण अतिशय सौम्य औषध देण्यात आले. औषधाचा परिणाम होण्यास वेळ मिळावा म्हणून, ज्यांना कळा आपोआप सुरू झाल्या होत्या त्यांची प्रसूती शक्य तेवढी लांबविण्याचे उपचार दोन्ही गटांत करण्यात आले.

पहिल्या २८२ मातांचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. अकाली कळा आपोआप सुरू झालेल्या २१३ स्त्रियांच्या अर्भकांपैकी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण बीटामेथासोनच्या गटात ३·२ टक्के, तर दुसऱ्या गटात १५ टक्के होते. श्वसनाचा विकार अनुक्रमे ९ व २५·८ टक्के अर्भकांत आढळला. सर्वांत मोठा फरक बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या आणि औषध मिळून किमान एक दिवस लोटलेल्या अर्भकांत होता : उपचारितांत ११·८ टक्के, तर इतरांत ६९·६ टक्के. प्रसूतीपूर्वी किमान चोवीस तास औषध मिळालेल्या मातांचे एकही अर्भक या विकाराने किंवा मेंदूच्या विवरांतील रक्तस्रावाने दगावले नाही. तीव्र रक्तदाब, सूज व मूत्रात प्रथिन हे विकार असलेल्या मातांच्या बाबतीत औषधामुळे गर्भमृत्यूचा धोका वाढत असावा, अशी शंकाही त्याच निबंधात नमूद केली होती. प्रतिकूल गोष्ट न दडविण्याचा हा प्रामाणिकपणा पुढे औषधाच्या प्रसाराला काही अंशी मारक ठरला, हे मान्य केले पाहिजे. चाचणी १९७४ पर्यंत चालू राहून तीत एकूण १,१४२ स्त्रियांचा समावेश झाला.

एवढे स्पष्ट निष्कर्ष हाती आल्यावर उपाय त्वरित सर्वत्र रूढ व्हावयास हवा होता. तसे घडले नाही. इतर देशांत लहानमोठ्या चाचण्या पुन्हा पुन्हा होत राहिल्या. त्यांपैकी बऱ्याच चाचण्यांत स्त्रियांची संख्या अपुरी असल्याने त्या एकेकट्या निर्णायक ठरत नसत आणि ‘फायदा निश्चित नाही’ असा त्यांचा अर्थ लावला जाई. अमेरिकेतील १९८१ च्या मोठ्या चाचणीत फायदा मुख्यतः मुलींमध्ये आढळला आणि संभ्रम वाढला. मातेस जंतुसंसर्ग होईल, मुलाच्या मेंदूची वाढ खुंटेल, अशी भीती अनेक प्रसूतितज्ञांना वाटे. गर्भवतीस दिलेल्या औषधांचे दुष्परिणाम थॅलिडोमाइडच्या प्रकरणात जगाने नुकतेच पाहिले असल्याने ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. याच सुमारास श्वसनयंत्रे सुधारली. वायुमार्गात सतत दाब ठेवून श्वसनास साहाय्य करण्याची पद्धत १९७१ मध्ये आली आणि जपानमध्ये १९८० मध्ये पृष्ठताण कमी करणारा पदार्थच अर्भकाच्या फुप्फुसांत सोडण्यात यश आले. जन्मानंतर उपचार करता येतात, मग जन्मापूर्वी कशाला, असा विचार यातून बळावला. शिवाय औषध जुने व अल्प किंमतीचे असल्याने त्याचा प्रचार करण्यात कोणत्याही उत्पादकास विशेष लाभ नव्हता.

प्रस्तुत लेखकाच्या मते याहून खोल कारण वैद्यकातील विभागणीत आहे. औषध टोचण्याचा निर्णय प्रसूतितज्ञाने घ्यावयाचा असतो, पण न टोचल्याचा परिणाम दिसतो तो बालरोगतज्ञाच्या कक्षात. अर्भक श्वासासाठी झगडत असता ज्याने निर्णय घेतला तो तेथे नसतो, आणि जो तेथे असतो त्याला आदल्या दिवशी कोणी विचारलेले नसते. लिगिन्स व हॉवी हे एकाच रुग्णालयात, भिन्न शाखांत राहून एकत्र काम करीत होते. हे सहकार्य त्यांच्या शोधाइतकेच असाधारण होते.

कोंडी फुटली ती नव्या प्रयोगाने नव्हे, तर जुन्या प्रयोगांची एकत्र मोजदाद केल्याने. पॅट्रिशिया क्रौली, इअन चामर्स व मार्क कीर्झ यांनी १९९० मध्ये बारा चाचण्यांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्रित करून, श्वसनविकार व अर्भकमृत्यू या दोहोंत निःसंशय घट होते, असे दाखविले. तरीही १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेत हे औषध ज्यांना मिळावयास हवे अशा स्त्रियांपैकी एक पंचमांशाहून कमी स्त्रियांनाच ते मिळत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९४ मध्ये भरविलेल्या तज्ञपरिषदेने त्याची स्पष्ट शिफारस केली आणि त्यानंतरच ते तेथे नित्याचे झाले. वैद्यकीय पुराव्यांचे संकलन करणारी कॉक्रेन ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. तिने याच औषधावरील सात चाचण्यांचा आलेख आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारला. आलेखातील प्रत्येक आडवी रेघ एका चाचणीची अनिश्चितता दर्शविते. त्यांतील बहुतेक रेघा मधल्या उभ्या रेघेला स्पर्श करतात, म्हणजे एकेकट्या त्या काही सिद्ध करीत नाहीत. खालचा एकत्रित चौकोन मात्र तिच्या स्पष्टपणे डावीकडे, म्हणजे औषधाच्या बाजूला आहे. पुरावा वेळीच एकत्र न केल्यामुळे जी हजारो अर्भके वाचू शकली असती ती दगावली, असे या संघटनेने म्हटले आहे. २०२० च्या तिच्या आढाव्यात २७ चाचण्यांतील ११,२७२ स्त्रियांची माहिती असून निष्कर्षाची दिशा ऑकलंडच्या मूळ चाचणीप्रमाणेच आहे.

मूळ चाचणीतील ५३४ व्यक्तींची तिशीच्या वयात ऑकलंडमध्ये पुन्हा तपासणी करण्यात आली (२००५). औषध मिळालेल्यांत हृद्‌रोगाच्या जोखमीचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. इन्शुलिनला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद किंचित मंद असावा, एवढाच फरक दिसला. औषधाची मात्रा पुन्हा पुन्हा देणे अथवा चौतीस आठवड्यांनंतर देणे याविषयी मात्र सावधगिरी बाळगली जाते. २०१६ मधील अमेरिकेच्या एका चाचणीत, उशिरा दिलेल्या औषधाने श्वसनाचा त्रास कमी झाला, पण रक्तातील साखर घटलेल्या अर्भकांचे प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेले.

या उपायाची दुसरी मर्यादा भारतासारख्या देशांत उघड झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत चाचणीत सहा देशांतील सु. एक लक्ष प्रसूतींचा समावेश होता व तिची दोन केंद्रे नागपूर आणि बेळगाव येथे होती. अनेक ग्रामीण स्त्रियांच्या गर्भारपणाचे आठवडे निश्चित ठाऊक नसत. अशा वेळी गर्भाशयाची उंची रंगीत पट्टीने मोजून अंदाज बांधला जाई व गावपातळीवरील आरोग्यसेवकही औषध देत. परिणामी औषध मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांना पुरेशा वजनाचीच मुले झाली. अतिलहान अर्भकांचा मृत्युदर घटला नाही आणि सर्व अर्भकांचा एकत्रित मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे २३·९ ऐवजी २७·४ भरला. मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. भारत सरकारने २०१४ मध्येच प्रशिक्षित परिचारिकांकडून अकालप्रसवात डेक्सामेथासोन देण्याविषयी मार्गदर्शिका काढली असल्याने या निष्कर्षांनी येथे बरीच चिंता निर्माण केली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगला देश, पाकिस्तान, केनिया व नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत चाचणी घेतली. तीत गर्भाचे वय ध्वनिचित्रणाने निश्चित करून २६ ते ३३ आठवड्यांच्या २,८५२ गर्भवतींनाच सामावून घेण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार डेक्सामेथासोनमुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण २३·५ टक्क्यांवरून १९·६ टक्क्यांवर आले. औषध तेच होते. गर्भाचे वय अचूक ठाऊक असणे आणि जन्मल्यावर अर्भकाची काळजी घेणारे रुग्णालय असणे, एवढाच फरक होता व तो निर्णायक ठरला. २०२० मध्ये जगात सु. १ कोटी ३४ लक्ष अर्भके अकाली जन्मली आणि त्यांपैकी सु. ३० लक्ष भारतात जन्मली, हे लक्षात घेता या दोन अटींचे महत्त्व ध्यानी येते.

लिगिन्स यांनी पुढे अंटार्क्टिका खंडावर जाऊन वेडेल सीलच्या बुडी मारण्याच्या क्षमतेचा, म्हणजे दीर्घकाळ श्वास रोखून धरताना तिच्या रक्ताभिसरणात होणाऱ्या बदलांचा, अमेरिकी सहकाऱ्यांसह अभ्यास केला. गर्भाशयात श्वासाविना राहणाऱ्या गर्भाचा अभ्यास केलेल्या संशोधकास हा विषय आकर्षक वाटला असल्यास नवल नाही. १९८० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व १९९१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ऑकलंड विद्यापीठात २००१ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. ऑकलंड येथे त्यांचे निधन झाले.